मुंडकीच मोजायची

जंत मोजायचे तर फक्त मुंडकी मोजायची, हा आमच्या प्रयोगशाळेचा पहिला नियम. मेंढीचं यकृत चिरताना आतले चपटे जंतही सुरीखाली तुटतात. शेपट्या धरल्या तर एकाचे दोन होतात. नव्या माणसाला हे मी पहिल्याच दिवशी सांगते. हल्ली सांगताना मान वर होत नाही.

चोवीस यकृतं होती. बारा लस टोचलेल्या मेंढ्यांची, बारा न टोचलेल्यांची. मोजणाऱ्याला कुठलं कुणाचं ते कळू नये म्हणून बरणीवर फक्त क्रमांक. पण टोचणारी मीच, मोजणारीही मीच; क्रमांक तोंडपाठ. त्या लशीत माझी सहा वर्षं गेली होती. लशीच्या मेंढ्यांची मुंडकी मी डोळ्यांत तेल घालून मोजली. बिनलशीच्या ट्रेमध्ये मात्र चिमटा शेपटीपाशी अडायचा, आणि मग तीही धरली जायची. मुद्दाम केलं असं म्हणवत नाही; नकळत झालं म्हणायला जीभ रेटत नाही.

कागदावर चाळीस टक्के जंत घटले! साहेबांनी पाठ थोपटली. पुढे लस खऱ्या कळपांवर तपासायची ठरली, तर सगळ्यांत आधी माझ्या थोरल्या भावाने हात वर केला. चाळीस मेंढ्या. अट एकच, वर्षभर जंताचं औषध द्यायचं नाही.

"दादा, तुझं कुरण ओलं आहे. जंत तिथेच फार. विचार कर," मी म्हटलं. एवढंच म्हटलं.

"वा शास्त्रीणबाई! घरचीच लस, आणि मी विचार करू?"

गेल्या आठवड्यात तो झाकणाची बादली घेऊन प्रयोगशाळेच्या दारात उभा राहिला.

"नववी गेली गं. बाकीच्यांच्या जबड्याखाली पाणी भरतंय. हिचं यकृत आणलंय, तू मोज. तुझ्याइतकं चोख कुणी मोजत नाही."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो स्टुलावर बसला आणि मी त्याच्यादेखत यकृत चिरलं. या वेळी फक्त मुंडकी.

"एकशे त्र्याऐंशी," मी म्हणाले.

त्याने ट्रेकडे पाहिलं, मग माझ्या चेहऱ्याकडे, आणि उलट माझीच समजूत घालायला लागला. "अगं, वाईट नको वाटून घेऊ. लस नसती तर किती झाले असते!"

"तेवढेच, दादा." मी चिमटा खाली ठेवला. "आजच जाऊन उरलेल्यांना औषध दे." आणि शेपट्यांचं सगळं सांगून टाकलं.

त्याने बादलीचं झाकण लावलं, उठला. दारापर्यंत जाऊन थांबला.

"कुरण ओलं आहे म्हणालीस," तो म्हणाला, "तेव्हा तुला माहीत होतं."