सलूनवाल्याचा अबोला

बायको गेली आणि सलूनवाल्याने देवाशी अबोला धरला. चर्चला जायचा, नाही असं नाही. थोरली बहीण दर रविवारी दारात येऊन उभी राहिल्यावर न जाऊन सांगतो कुणाला? पण तिथे उठायच्या वेळी उठायचा, बसायच्या वेळी बसायचा, आणि तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. पाळकसाहेब एकदा दाढीच्या निमित्ताने दुकानात येऊन समजावू लागले की देवाची योजना आपल्याला कळत नसते. तेव्हा त्याने वस्तरा त्यांच्या गळ्याशी धरून, "मान हलवू नका, साहेब," एवढंच म्हटलं. साहेब पुन्हा त्या विषयाच्या वाटेला गेले नाहीत.

बहीण कॅन्सरच्या वॉर्डात नर्स होती. बायको गेली ती त्याच वॉर्डात. ती इमारत दिसायला नको म्हणून हा गडी रोज लांबचा वळसा घालून दुकानात जायचा. एका दुपारी बहिणीचा फोन आला.

"एक बाई आहेत, बसवर कंडक्टर होत्या. औषधाने केस गळताहेत, सगळेच काढून टाकायचेत. पण वॉर्डबॉयच्या हातात डोकं द्यायला तयार नाहीत. तू ये."

"ताई, मी तिथे पाय ठेवणार नाही, माहितीये ना तुला?"

"देवाशी बोलायला बोलावत नाहीये. केस कापायला बोलावतेय."

ताईपुढे त्याचं लहानपणापासून काही चाललं नव्हतं. पेटी घेऊन तो मुकाट्याने निघाला.

खोलीत बेसिनवर आरसा होता आणि त्याच्यासमोर खुर्चीत कंडक्टरबाई बसल्या होत्या. उशीवर केसांचे पुंजके पडले होते. सलूनवाल्याने आधी खुंटीवरचा टॉवेल काढला आणि आरशावर टाकला. बायकोचे केस काढतानाही त्याने असाच आरसा झाकला होता. तिला ते बघावं लागू नये म्हणून आपण तेवढं तरी केलं, याचं त्याला आजवर समाधान होतं.

"तो टॉवेल काढा," बाई म्हणाल्या.

"नका बघू, बाई. त्रास होईल."

"मला माझं डोकं नाही बघायचं. तुम्ही मागे उभे राहणार. आरसा झाकल्यावर मला नुसती मशीनची घरघर ऐकू येणार, माणूस दिसणार कुठे? जन्मभर मी लोकांच्या तोंडाकडे बघत काम केलंय."

सलूनवाला जागच्या जागी थिजला. गिऱ्हाइकाच्या मागे उभं राहायचं आणि आरशात त्याच्याशी बोलायचं, यात त्याचं सगळं आयुष्य गेलं होतं. आणि बायकोच्या वेळी नेमका आरसाच झाकून बसला! तिने दोनदा विचारलं होतं, "अहो, आहात ना?" त्यानेही दोनदा, "आहे की," म्हणून मशीन चालू ठेवली होती. ती काय विचारत होती, ते आत्ता त्याच्या डोक्यात शिरलं. त्याने टॉवेल ओढून काढला, पण डोळे आवरेनात.

"केस माझे चाललेत आणि रडताय तुम्ही," बाई आरशातून म्हणाल्या. मग आवाज उतरवून विचारलं, "कोण होतं?"

"बायको." आणि मशीन चालवता चालवता त्याने सगळं सांगितलं. सांगून त्याला बरं वाटलं.

"सिस्टर म्हणाल्या, तुम्ही प्रार्थना करणाऱ्या घरातले. झाल्यावर माझ्यासाठी दोन शब्द बोला."

"माझा देवाशी अबोला आहे. तिला का नेलंस, एवढंच विचारलं होतं. उत्तर नाही दिलं."

"प्रभूनेही क्रूसावरून 'का' म्हणून विचारलंच की. त्याला तरी कुठे लगेच उत्तर मिळालं? तरी शेवटी स्वर्गातल्या बापालाच हाक मारली." बाईंनी मांडीवरचे केस झटकले. "मीही रोज भांडते. आजार काही हटत नाही. पण भांडताना समोर कुणीतरी आहे, एवढं कळतं. त्या आधारावर रात्र निघते. आज सकाळी म्हटलं, बरं नाही करत तर नको करूस, निदान धड हजामत करणारा तरी पाठव."

सलूनवाल्याला हसू फुटलं. किती दिवसांनी, देव जाणे.

मशीन बंद झाली. सवयीने त्याने दोन्ही तळवे बाईंच्या डोक्यावरून फिरवले. कुठे केस राहिलाय का, ते डोळ्यांपेक्षा हाताला आधी कळतं. आरशात पाहतो तर बाईंनी डोळे मिटून मान खाली घातलेली. डोक्यावर हात ठेवले म्हणजे प्रार्थना सुरू झाली, असं त्या समजून बसल्या होत्या.

आता हात काढायचे कसे? ते उघडं, ऊबदार डोकं त्याच्या तळव्यांखाली वाट पाहत होतं. काढावेत असंही त्याला वाटेना.

"प्रभू," तो म्हणाला. "मी अजून रागावलेलोच आहे."

"आमेन," बाई पुटपुटल्या.

"पण या बाईंना एकटं सोडू नकोस. रात्री तर मुळीच नको." आरशात त्याला बाईंच्या मागे उभा असलेला स्वतःचा चेहरा दिसला. "आणि माझी बायको तुझ्याजवळच आहे. तिला सांग, तेव्हा मी मागेच उभा होतो. रडत होतो."