सत्त्याण्णवचा डबा

नाशिकरोडच्या चंद्रप्रभा टॉकीजमध्ये बक्षिसं द्यायची पद्धत होती. मुंबईची नव्हे, आपली स्वतःची. वर्षाच्या शेवटच्या गुरुवारी, झाडलोट उरकली की बाराच्या खेळाआधी सगळा स्टाफ सायकल स्टँडच्या पत्र्याखाली जमायचा आणि वर्षातलं सगळ्यात भारी काम कोणाचं, यावर तासभर कडाकडा भांडायचा. मत द्यायचं तर पिक्चर निदान दहा वेळा बघितलेला पाहिजे, अशी अट होती. मुंबईचे परीक्षक एकदा बघतात, तेही भरल्या पोटी, मऊ खुर्चीत बसून. इथं एकेक पिक्चर आठवड्यात अठ्ठावीस वेळा डोळ्यांसमोरून जायचा. मग जास्त कळणार कोणाला, तुम्हीच सांगा!

बक्षीस म्हणजे रिळाचा रिकामा पत्र्याचा डबा. गेणू पेंटर त्याला सोनेरी रंग मारायचा, झाकणावर लाल अक्षरांत नाव आणि साल काढायचा, आणि डबा मशीन रूमच्या भिंतीवर खिळ्याला लटकायचा. अकरा वर्षांचे अकरा डबे झाले होते. ज्यांची नावं त्यांवर होती त्यांना याचा पत्ताही नव्हता. पण त्यामुळे भांडणाचा जोर काही कमी होत नसे.

या अकरा वर्षांत नवसाबाईंचं मत एकदाही टिकलं नव्हतं. नवसाबाई बायकांच्या दारावर तिकिटं फाडायच्या. त्यांचा हिशेबच वेगळा. काष्ट्याला खोचलेल्या पिशवीत मूठभर चिंचोके असायचे. खेळ चालू असताना कोणी उठून बाहेर गेलं की एक चिंचोका डाव्या कप्प्यातून उजव्या कप्प्यात. कुठल्या सीनला किती चिंचोके हलले, हे त्यांना तोंडपाठ. "माणूस टाळ्या खोट्या वाजवील, पण लघवी दाबून बसला म्हणजे समजायचं, काम खरं आहे," असं त्या म्हणायच्या, आणि मंडळी हसायची. हसू देत. नवसाबाईंना लोकांच्या हसण्याची सवय होती, हार मानायची नव्हती.

सत्त्याण्णव साली वर्षाच्या शेवटी एक मोठा हिंदी पिक्चर लागला होता. सतरा रिळं, मुंबईचा नावाजलेला हिरो, कोर्टात त्याचं दहा मिनिटांचं भाषण. त्याच पिक्चरमध्ये अकराव्या रिळात अडीच मिनिटांचा एक सीन होता. एका हवालदाराला घरी येऊन आईला सांगायचं असतं की तुमचा मुलगा गेला. तो सांगतो. आईच्या पुढ्यात चुलीवर दूध वर आलेलं असतं. ती आधी पातेलं उतरवते, पदरानं त्याची कड पुसते, वर झाकण ठेवते, आणि मग खाली बसते. बस्स. एक शब्द नाही. पहिल्या आठवड्यात अठ्ठावीस खेळ झाले आणि त्या सीनला नवसाबाईंचा एक चिंचोका हलला नाही. एकसुद्धा नाही! उलट त्या कोर्टाच्या भाषणाला दर खेळाला सात-आठ.

दुसऱ्या आठवड्यात मालकांनी सांगितलं, खेळ लांबतो, तीन मिनिटं कमी करा. मशीन ऑपरेटर रहेमानभाईंनी कात्री घेतली आणि नेमका तो सीन उडवला. त्यात हिरो नाही, गाणं नाही, कोणाला कळणार? नवसाबाईंना पहिल्याच खेळाला कळलं. जिना चढून वर गेल्या आणि सव्वीस वर्षं मशीन चालवणाऱ्या माणसाला अशा काही बोलल्या की खाली कँटीनमधल्या मनोजनं कानात बोटं घातली.

"बाई, तुकडा जपून ठेवलाय, प्रिंट परत पाठवायच्या आधी जोडणार," रहेमानभाई म्हणाले. "अडीच मिनिटांसाठी जीव खाता का माझा?"

तर त्या शेवटच्या गुरुवारी हे सगळं भांडण सायकल स्टँडमध्ये उतरलं. मनोजचं मत विनोदी नोकराला. गेणूचं हिरॉइनला, कारण म्हणे असा चेहरा बॅनरवर काढायला मिळाला की ब्रश आपोआप पळतो. रहेमानभाई हिरोवर अडून बसले, आणि ते सगळ्यांत थोरले, त्यामुळे पाच मिनिटांत बाकीचे दोघंही तिकडे झुकले.

"माझं मत त्या आईला," नवसाबाई म्हणाल्या.

"नाव काय तिचं?" रहेमानभाईंनी विचारलं.

नाव कोणालाच ठाऊक नव्हतं. पाट्यांमध्ये शेवटी पळत जाणाऱ्या नावांत ते असेल तर असेल.

"बिननावाच्या बाईला डबा कसा द्यायचा, बाई? गेणू काय लिहील, दूधवाली?"

सगळे हसले. गेणूनं तर डबा कालच रंगवून आणला होता, वर हिरोचं नावही काढलं होतं. मत घ्यायच्या आधीच गुलाल उधळून मोकळे! नवसाबाईंनी तो डबा रागानं उचलून बाकावर आपटला. आत काहीतरी ठक्कन हललं, पण त्या गलक्यात कोणाचं लक्ष गेलं नाही.

"तुमचं तुम्हालाच लखलाभ," म्हणून त्या दारावर जाऊन उभ्या राहिल्या.

साडेअकराला एक कुटुंब आलं. बारा-तेरा माणसं, कडेवर लेकरं, हातात भाकरीची गाठोडी. सकाळच्या गाडीनं नांदगावहून उतरलेली. पुढे पन्नाशीची एक बाई, नवं कोरं लुगडं, त्याची घडीसुद्धा मोडलेली नव्हती. तिनं तिकिटं पुढे केली आणि नवसाबाईंचा हात फाडता फाडता थांबला.

"ताई," ती बाई लाजत म्हणाली, "ह्या पिच्चरमधी माझं काम हाय. लय नाय, थोडंच हाय. शूटिंगवाले आमच्याच घरात आले व्हते. चूल माझी, पातेलं माझं. आमच्याकडं अजून लागला नाय ना, म्हून समदे इथवर आलो."

"आज शेवटचा दिवस आहे त्याचा," मागून तिची सून सविता म्हणाली. "सगळ्या गल्लीला सांगून आलोय."

हीच ती. तोच चेहरा, तेच हात. आणि ही आपल्या माणसांना घेऊन बसणार, अकरावं रीळ येणार, जाणार, आणि ही पडद्यावर दिसणारच नाही. नातवंडं विचारतील, आजी, तू कुठं गेलीस?

"नाव काय तुमचं?" त्यांनी विचारलं.

"यशोदाबाई."

"बसा, यशोदाबाई. मधल्या रांगेत बसा. तिथून नीट दिसतं." दार मनोजच्या ताब्यात देऊन नवसाबाई जिन्याकडे पळाल्या. साठीला टेकलेली बाई, पण दोन-दोन पायऱ्या.

"रहेमानभाई, तुकडा काढा. आई आली आहे."

"कोण आई?"

"अकराव्या रिळातली! खाली बसली आहे, खानदान घेऊन."

रहेमानभाईंचा चेहरा उतरला. माणूस हट्टी होता, पण दगड नव्हता. त्यांनी फळीवर हात घातला. तुकड्याचा डबा तिथं नव्हता. दुसरी फळी बघितली, पेटी उघडली, टेबलाखाली वाकून पाहिलं. "इथंच ठेवला होता, कसम से, जुन्या डब्यात, इथंच!" खाली बाराच्या खेळाची घंटा झाली. पहिलं रीळ लावायलाच हवं होतं.

"अडचण नाही, अकरावं यायला दीड तास आहे," ते म्हणाले, पण कपाळावर घाम होता.

पाच रिळं झाली तरी डबा सापडेना. गेणूला बोलावलं. "इथला जुना डबा बघितला का रे?"

"जुना?" गेणू म्हणाला. "एक नेला मी, बक्षिसासाठी. जरा जड लागला. म्हटलं, जुना पत्रा आहे, जाड असेल."

नवसाबाईंना सकाळचं ते ठक्कन आठवलं. "अरे माझ्या कर्मा!" त्या ओरडल्या आणि पुन्हा जिना उतरल्या. सोनेरी डबा बाकावरच होता. रंगानं झाकण चारी बाजूंनी घट्ट चिकटलेलं. गेणूनं स्क्रू ड्रायव्हर घातला, झाकणाबरोबर हिरोच्या नावाचा अर्धा भाग खरवडून निघाला, आणि आत गुंडाळी करून ठेवलेली होती ती, अडीच मिनिटांची आई. डबा कोणाच्या नावानं रंगवला आणि आत कोण बसलं होतं, बघा.

इंटरव्हलमध्ये रहेमानभाईंनी फिल्मची कड खरवडली, जोडायचं सिमेंट लावलं, दाबून धरली. तोंडातला पानाचा तोबरा चावायचा राहिला होता. "मालक काय म्हणतील? तीन मिनिटं वाढली."

"गाणं कापा की. बागेतलं," नवसाबाई म्हणाल्या. "तेवीस चिंचोके आहेत त्याला."

"हिरॉइनचं?" गेणू कळवळला.

"तेवीस, गेणू!"

गाणं कापलं.

अकरावं रीळ सुरू झालं तेव्हा नवसाबाई आपल्या दारात उभ्या होत्या. हवालदार आला. चुलीवर दूध चढायला लागलं. मधल्या रांगेत एक लेकरू "आजी!" म्हणून ओरडलं आणि कोणीतरी त्याचं तोंड दाबलं. मग पूर्ण टॉकीज गप्प. पडद्यावरच्या यशोदाबाईंनी पातेलं उतरवलं, पदरानं कड पुसली.

आणि पडदा पिवळा पडायला लागला.

मशीनमधले कार्बन जळत जातात, ते सतत पुढे सरकवावे लागतात, नाहीतर उजेड मावळतो. म्हणून ऑपरेटर पिक्चर बघतच नसतो, तो कार्बन बघतो. रहेमानभाईंच्या सव्वीस वर्षांत चंद्रप्रभाचा पडदा कधी पिवळा पडला नव्हता, नाशिकरोडला त्यांची तीच ख्याती होती. आणि आज उजेड उतरत चालला होता, म्हणजे तो माणूस कार्बन सोडून खिडकीला डोळा लावून उभा होता. इतरवेळी एवढ्या अंधारावर शिट्ट्यांनी छप्पर उडालं असतं. आज एक शिट्टी नाही. त्या पिवळ्या उजेडात यशोदाबाईंनी झाकण ठेवलं आणि खाली बसल्या. नवसाबाईंनी पिशवीवर हात दाबून धरला होता. आत काही हललं नाही. त्यांचे डोळे मात्र घळाघळा वाहत होते, आणि त्यांनी ते पुसलेही नाहीत.

खेळ सुटला तेव्हा रहेमानभाई स्वतः खाली आले. हातात डबा. गेणूनं रॉकेलनं जुनं नाव पुसून नवं काढलं होतं, अक्षरं अजून ओली होती.

"आपा," ते यशोदाबाईंना म्हणाले, "मी हा पिक्चर पन्नास वेळा चालवला. बघितला आज. माझं मत तुम्हाला."

"माझंपण," गेणू म्हणाला. मनोजनंही हात वर केला. नवसाबाईंना कोणी विचारलं नाही, विचारायची गरजच नव्हती.

यशोदाबाईंना काय चाललंय ते नीट कळेना. मग सवितानं झाकणावरचं वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी डबा पदराखाली घेतला. "त्यांनी मला रडायला सांगितलं व्हतं," त्या म्हणाल्या. "मी म्हणलं, आधी दूध उतरू द्या. दूध काय थांबतं व्हय कोणासाठी?"

संध्याकाळच्या गाडीनं ती मंडळी परत गेली. डबा यशोदाबाईंच्या मांडीवर होता.

पुढे चंद्रप्रभाच्या भिंतीवर आणखी डबे लागले. दरवर्षी भांडण सुरू व्हायच्या आधी रहेमानभाई विचारायचे, "नवसाबाई, चिंचोके काय म्हणतात?" आणि सगळे गुमान ऐकायचे. सत्त्याण्णवचा खिळा मात्र रिकामाच राहिला. नवा माणूस कामाला लागला की हमखास विचारायचा, या सालचा डबा पडला का?

"पडला नाही," नवसाबाई मान ताठ करून सांगायच्या. "तो एकच, ज्याचा त्याला पोचला."