पारा खाली का आला?

मी खराब थर्मामीटर बोलतोय. निदान माझ्या खणावर तसं लिहिलंय. मला स्वतःला विचाराल, तर माझं डोकं पार चक्रावून गेलंय.

मला घडवलं तेव्हा आधी बर्फात आणि मग उकळत्या पाण्याच्या वाफेत धरून माझ्या अंगावर खुणा केल्या. तेवढंच माझं शिक्षण. पुढे अकरा वर्षं कॉलेजच्या प्रयोगशाळेत पाणी सांगेल तेच मी इमानेइतबारे सांगत आलो.

दरवर्षी तोच प्रयोग. बीकरमधल्या पाण्यात कॅल्शियम क्लोराइड नावाचं कोरडं मीठ टाकायचं, ढवळायचं आणि पाणी किती तापलं ते माझ्यावर वाचायचं. मुलं भारी बेरकी! गेल्या वर्षीच्या वह्यांतून उत्तर आधीच उतरवून आणतात आणि मला नुसतं शोभेपुरतं बुडवतात.

यंदा परीक्षेत मी एका मुलीच्या वाट्याला आलो. आधी एकदा नापास झालेली, ही तिची शेवटची संधी. तिने मीठ टाकलं आणि माझा पारा चक्क खाली घसरला. मीच दचकलो.

"सर, पारा उतरतोय."

"उतरेल कसा? हे मीठ विरघळताना उष्णता बाहेर पडते. थर्मामीटर बिघडलाय. किती यायला हवं ते माहितीये ना? मग लिही."

बरण्या भरणाऱ्या मावशी हळूच म्हणाल्या, "सर, बरणीचं झाकण उघडं राहिलं होतं. मिठाचा ओला दगड झाला होता, मी कुटून परत भरलं."

सर तोवर पुढच्या टेबलाशी पोचले होते. आधीच पोटभर पाणी प्यायलेलं मीठ पाण्याला तापवायचं सोडून गारच करत असेल, असं मला आपलं वाटलं. पण बिघडलेल्याचं कोण ऐकतो?

मुलीने बीकरला हात लावून पाहिला. गार! त्याच गार बोटांनी तिने मला पुसून ठेवलं आणि वहीत लिहिलं, 'अकरा अंश वाढ'. त्या दिवशी बत्तीसच्या बत्तीस जणांनी तेच लिहिलं. ती पास झाली. मला आनंद झाला, अगदी खरा. आणि तितकंच वाईटही वाटलं.

आता मला टाकून देणार आहेत म्हणे. त्याआधी एकदा बर्फात बुडवून बघा. शून्य आलं नाही, तर खुशाल टाका.

आणि शून्य आलं तर? तर त्या बत्तीस वह्यांचं काय करायचं, ते मात्र मला सुचत नाही.