नजर किती टक्के

हलवान शहरात, सिमेंट कारखान्याजवळ राहणाऱ्या इन्शिराहच्या गच्चीवर हवेतली धूळ पकडणारं यंत्र बसलं, तेव्हापासून गल्लीत तिचं वजन वाढलं. साहजिकच नजर लागायची भीतीही वाढली. नवरा अब्दुल मवजूद अकरा वर्षं खोकत होता तो नजरेमुळेच, याबद्दल तिला शंका नव्हती. आणि ती नजर समोरच्या दारातल्या रौहियाची, याबद्दल तर मुळीच नव्हती. रोज धूप पेटवून ती भांडं नवऱ्यावरून सात वेळा ओवाळायची. आता यंत्रावरूनही ओवाळू लागली.

महिन्याभराने डॉक्टर हाझिम कागद घेऊन आला. धूळ कुठून आली ते शोधणं हे त्याचं काम. त्यावरच सिमेंट कारखान्याला चिमणीवर गाळणी बसवावी लागणार की नाही, ते ठरणार होतं.

"खाला, बासष्ट टक्के लाकूडफाट्याचा धूर निघालाय. कारखानावाले खुशीत शरबत वाटतायत. इथे कुणाची भट्टी आहे का?"

"भट्टी कशाला असेल? मी आपली तुमच्या यंत्राला धूप दाखवते."

"रोज?"

"मग? नाहीतर टिकलं असतं का ते?"

हाझिमने कागदाची घडी घालून खिशात ठेवली. "आणखी एक महिना मोजू. घरात धूप अजिबात नको. नाहीतर यंत्र रौहियाखालांच्या गच्चीवर हलवतो."

हे ऐकून ती लगेच कबूल झाली. पण महिनाभर तिच्या जिवाला घोर लागला. यंत्र आधी बंद पडतं की नवरा, याकडे तिचं लक्ष होतं. यंत्र चालत राहिलं. नवरा पूर्वीइतकाच खोकला, जराही जास्त नाही. याचा तिला थोडा रागच आला.

नव्या कागदावर सिमेंट चौसष्ट टक्के होतं. गाळणी बसणार होती.

"आणि नजर?" तिने विचारलं. "नजर किती टक्के?"

"ती काही सापडली नाही, खाला."

इन्शिराहला मनापासून लाज वाटली. संध्याकाळी तिने रव्याचा गोड बसबूसा केला आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा समोरचं दार वाजवलं.

"काय झालं?" रौहियाने दार अर्धंच उघडलं.

"काही नाही. त्यांचा खोकला सिमेंटचा निघाला."

रौहियाने ताटली हातात घेतली. "माझा गेल्या महिन्यात थांबला," ती म्हणाली. "तू धूप बंद केलास तेव्हापासून. ये आत, चहा टाकते."