शिट्टी सेंदाईला राहिली

मी कुकर बोलतोय. तीन लिटरचा, ॲल्युमिनियमचा, दांड्याचा स्क्रू जरा ढिला. मुक्काम फ्रीमाँट, कॅलिफोर्निया. गॅसशेजारच्या कपाटात, इडलीपात्राच्या बाजूला. सध्या माझ्या डोक्यावर शिट्टी नाही. ती जपानात आहे. हसू नका, आधी ऐकून तर घ्या!

मला नागपुरातल्या भांड्यांच्या दुकानातून प्रतिमाकाकूंनी आणलं. त्यांचा मिहीर अमेरिकेला निघाला होता. "हा बरोबर असला की पोरगं उपाशी मरणार नाही," असं त्या दुकानदाराला म्हणाल्या. पोरगं मेलं नाही खरं, पण त्यानं वर्षभर माझ्यात नुसते नूडल्स उकळले. पुढे सुमेधा लग्न होऊन आली आणि मी माणसांत आलो. मग घरात रोज वरणभात होऊ लागला. फोडणी जरा कडक झाली की छताचा धुराचा अलार्म बोंबलतो आणि मिहीर खुर्चीवर चढून त्याला टॉवेलनं वारा घालतो, देवावर चवरी ढाळावी तसा.

आता मूळ गोष्ट. मिहीरची धाकटी बहीण यामिनी जपानात, सेंदाईला नोकरी करते. दोन वर्षांपूर्वी तिनं तिथल्याच केंता नावाच्या मुलाशी रजिस्टर लग्न केलं आणि आईला नंतर फोनवर सांगितलं. झालं! काकूंनी तिच्याशी बोलणंच टाकलं. राग जपानी जावयाचा नव्हता हो, आपल्याला न विचारता केल्याचा होता. पण एकदा धरलेला राग खाली ठेवायचा कुठे, हे त्या माउलीला कळेना.

यंदा काकू सहा महिन्यांसाठी फ्रीमाँटला आल्या आणि मिहीरनं परस्पर तिकिटं काढली. डिसेंबरची सुट्टी सगळ्यांनी यामिनीकडे! काकू म्हणाल्या, "येईन. पण तिच्या घरचं खाणार नाही. माझं पथ्य आहे." रुसव्याला पथ्य म्हणायची ही युक्ती मी तिथेच पहिल्यांदा ऐकली. पथ्याचं भांडं म्हणून माझी निवड झाली. चेक-इनमध्ये चेपेन म्हणून काकूंनी मला हातातल्या बॅगेत घातलं. विमानतळावर तपासनीसानं मला उलटंपालटं करून पाहिलं, झाकण वाजवलं, आत वाकून बघितलं. मिहीरला भर थंडीत घाम फुटला. काकू मात्र शांतपणे म्हणाल्या, "खिचडी, खिचडी!" आणि त्यानं सोडलं.

सेंदाईत बर्फ पडत होता. दारात केंता ॲप्रन बांधून उभा. कमरेत वाकून त्यानं पाठ केलेलं एकमेव मराठी वाक्य म्हटलं, "आई, जेवायला बसा." मला बॅगेतून स्वच्छ ऐकू आलं. काकूंना ऐकू आलं नाही म्हणे! त्या नातीला म्हणाल्या, "अनया, बूट काढ गं." आठ वर्षांची अनया पुटपुटली, "आजी, दॅट्स सो मीन."

संध्याकाळी काकूंनी पदर खोचला आणि मला त्यांच्या गुळगुळीत काळ्या शेगडीवर चढवलं. टीं टीं करून शेगडी बंद. पुन्हा चढवलं, पुन्हा टीं टीं. यामिनी हळूच म्हणाली, "आई, इंडक्शन आहे. यावर ॲल्युमिनियम चालत नाही."

अख्खा समुद्र ओलांडून आलो आणि शेगडीनं मला दारातूनच परत पाठवलं! अशी फजिती वैऱ्याचीही होऊ नये. काकू म्हणाल्या, "असू दे. माझ्याकडे दशम्या आहेत." दोन दिवस त्या दशम्या-चटणी खात राहिल्या. टेबलावर यामिनीनं केलेली वांग्याची भाजी निवत होती. तिसऱ्या सकाळी ती सिंकशी तोंड करून रडली. नळ मोठा सोडला होता, पण मी शेजारीच पालथा होतो. मला फार वाईट वाटलं. वाटलं, या रुसव्याचं हत्यार आपण झालो.

केंतानंही ते पाहिलं. त्यानं कोट चढवला आणि बर्फात निघून गेला. परतला तेव्हा हातात गॅसचे छोटे डबे होते. माळ्यावरून त्यानं एक बुटकी शेगडी काढली. थंडीत ही माणसं ती टेबलाच्या मधोमध ठेवतात आणि भोवती बसून रस्सा उकळत जेवतात. केंतानं ती पेटवली, मला दोन्ही हातांनी उचलून काकूंपुढे धरलं आणि पुन्हा वाकला.

आता नाही म्हणायला पथ्यही उरलं नव्हतं. काकूंनी फोडणी केली, यामिनीनं डाळ-तांदूळ धुऊन दिले. टेबलाभोवती सगळे माझ्याकडे टक लावून बसले. असा मान मला जन्मात मिळाला नव्हता. मीही जोर लावून शिट्टी मारली. केंता टुणकन उडाला आणि थेट यामिनीमागे लपला!

काकू हसल्या. इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं, आणि मग नुसतंच पाणी येत राहिलं. यामिनीनं त्यांचा हात धरला. "मला एक फोन तर करायचास गं आधी," काकू म्हणाल्या. "चुकलं आई," यामिनी म्हणाली. मग काकूंनी पहिलं ताट वाढलं, त्यावर तूप सोडलं आणि म्हणाल्या, "बसा जावईबापू, जेवायला." उरलेली सुट्टी मी त्या टेबलावरच काढली.

फ्रीमाँटला आल्यावर सुमेधानं विचारलं, "आई, कुकरची शिट्टी कुठाय?"

"अगंबाई, तिथेच राहिली वाटतं! वय झालं माझं."

वय! सुमेधाच्या लग्नात कुठल्या मावशीनं कुठला डबा परत दिला नाही, हे या बाईला अजून तोंडपाठ आहे. निघायच्या सकाळी त्यांनीच माझी शिट्टी काढली, पदरानं पुसली आणि केंताच्या चॉपस्टिक्सच्या खणात ठेवली. मी ओट्यावरून सगळं पाहत होतो.

मिहीर म्हणतो, इंडियन स्टोअरमधून नवी आणतो. काकू म्हणतात, "कशाला? आपली आहे ना तिथे." काल व्हिडिओ कॉलवर केंतानं शिट्टी नाचवून दाखवली आणि यामिनीकरवी विचारलं, पोस्टानं पाठवू का? काकू घाईघाईनं म्हणाल्या, "नको नको, जावईबापू, पोस्टात हरवते. आम्हीच येऊन नेऊ."

तेव्हा मंडळी, कृपा करा आणि चांगुलपणा म्हणून मला नवी शिट्टी आणू नका. इडलीपात्र चिडवतं, चिडवू दे. पुढचा डिसेंबर काही फार लांब नाही.