पाट खोटं बोलत नाही

मित्रांनो, मी एक जुना पाट आहे. पाट म्हटल्यावर लगेच मांडी घालून बसायचा पाट डोळ्यांसमोर आणू नका. मी चपला-बुटांच्या दुकानातला, पायाचे माप घेण्याचा पाट आहे. माझ्यावर कोणी बसत नाही, उभे राहतात. गेले वर्षभर मी बंद दुकानाच्या माळ्यावर रिकाम्या खोक्यांखाली पडून आहे. धुळीचे मला काही वाटत नाही. पण माझ्यावर एक आळ आला आहे, आणि तो डोक्यावर घेऊन मला सरपणात जायचे नाही. म्हणून आज बोलतो.

दाराची चौकट करून उरलेल्या तुकड्यातून एका सुताराने मला घडवले. एका टोकाला टाच टेकवायला ठोकळा, मधोमध मागेपुढे सरकणारी आडवी फळी आणि कडेला आकडे कोरलेली पितळी पट्टी. ती पट्टी दोन छोट्या स्क्रूंनी बसवली होती. हे दोन स्क्रू लक्षात ठेवा, पुढे लागतील.

दुकान सुरू केले ते मोठ्या मालकांनी. त्यांचा नियम सरळ होता. माप घ्यायचे ते संध्याकाळी, दिवसभर चालून पाय थोडा फुगल्यावर. घ्यायचे ते दोन्ही पायांचे आणि उभ्याने. "बसलेला पाय आकडा चोरतो," असे ते म्हणत. गिऱ्हाईक केवढेही मोठे असो, मोठे मालक त्याच्यासमोर गुडघ्यावर बसत, फळी अंगठ्याला हलकेच टेकवत आणि आकडा मोठ्याने सांगत. कुणी शंका काढली की एकच वाक्य म्हणत, "पाट खोटं बोलत नाही." पुढे ते वाक्य साऱ्या बाजारपेठेत प्रसिद्ध झाले. घासाघीस टोकाला गेली की शेजारचा खेळणीवालासुद्धा ते म्हणे, आणि त्याच्याकडे तर पाट नव्हताच!

मोठ्या मालकांनंतर त्यांचा मुलगा गल्ल्यावर बसला. त्याला सगळे दादा म्हणत. दादाने मला जीव लावला हे नाकबूल करणार नाही. दर आठवड्याला तो मला तेलाचा बोळा फिरवी. वर्षअखेरीच्या सुट्ट्या जवळ आल्या की दुकानात पाय ठेवायला जागा नसे. पाहुण्यांकडे जायचे म्हणून, फोटो काढायचे म्हणून, घरातल्या सगळ्यांना एकदमच नवे बूट हवे असत. त्या तीन आठवड्यांवर आमचे पुढचे सहा महिने निघत.

मग वाईट दिवस आले. गावाबाहेरचे दोन कारखाने बंद पडले. तिसऱ्यात आठवड्यातून तीनच दिवस काम उरले. कापडवाल्याने दुकान आवरले. खेळणीवाल्याने दारात फुगे बांधले, तर मुले फुगे घेऊन जात आणि खेळणी तिथेच राहत. दादाने मात्र सुट्ट्यांच्या भरवशावर दुकान छतापर्यंत भरले होते. "हे तीन आठवडे चांगले गेले तर दुकान टिकतं. नाहीतर कुलूप," असे तो रोज सकाळी म्हणायचा. ऐकायला मीच असायचो.

आणि गंमत पाहा, गिऱ्हाईक येत होते! येत होते, माझ्यावर उभे राहत होते, चार जोड घालून आरशासमोर फिरत होते. मग खिशातून फोन काढायचे, माझ्या पट्टीवरच्या आकड्याचा फोटो घ्यायचे आणि "विचार करून येतो" म्हणत निघून जायचे. चार दिवसांनी तोच बूट त्यांच्या घरी खोक्यातून यायचा. फोनवर स्वस्त मिळतो ना! माप आमचे, खरेदी दुसरीकडची. याला म्हणतात खाल्ल्या घरचे वासे मोजणे.

त्यातला चष्मा लावणारा एक जण, तो चष्मेवाला, मी विसरू शकत नाही. त्याने पहिले पाऊल टाकले तेव्हाच्या बुटांचे माप माझ्यावरच घेतले होते, आणि लग्नातल्या बुटांचेही. तो आला, फोटो काढून गेला. पुढच्या आठवड्यात पायात नवे कोरे बूट घालून पुन्हा हजर.

"दादा, खोक्यातल्या लेस आखूड निघाल्या हो. तुमच्याकडे एखादी जोडी पडली असेल ना? अशीच?"

दादाने लेस दिली. हसूनच दिली. चष्मेवाला दिसेनासा झाला तसे दादाने खणातून स्क्रू पिळायचा दांडा काढला, भर दुपारी, रिकाम्या दुकानात मला मांडीवर घेतले आणि माझी पट्टी उचकटली. ती एक घर बोटांच्या बाजूला सरकवली आणि स्क्रू पुन्हा घट्ट पिळले. आता सात नंबरचा पाय माझ्यावर ठेवला की सहा दिसणार होते.

"काढा आता फोटो," तो म्हणाला.

खोटे कशाला बोलू, पहिल्या दिवशी मलाही मजा वाटली. चांगली जिरेल एकेकाची, असे मनात आले. खरोखर घ्यायला आलेल्यांना दादा एक नंबर पुढचाच जोड काढून देई आणि वर म्हणे, "ही कंपनी जरा लहान येते." पण रात्रंदिवस मनात एक गोष्ट खुपत राहिली. ज्याच्या बापाने माझ्या खरेपणावर दुकान उभे केले, त्यानेच माझ्या तोंडात खोटा आकडा कोंबला होता. परक्यांनी फसवले की राग येतो, पण घरच्याने फसवले की बोलतासुद्धा येत नाही.

ही गोष्ट दादाने काकूंना, म्हणजे त्याच्या बायकोला, सांगितली नाही. सांगितली असती तर त्यांनी त्याच्या हातातला दांडा काढून घेतला असता.

एक दिवस दादा न खपलेला माल परत घेता का विचारायला घाऊक व्यापाऱ्याकडे गेला आणि काकू दुकानात बसल्या. नेमक्या तेव्हाच पोस्टवाल्या ताई आल्या. ताई पत्रे आणि पार्सले वाटत दिवसभर पायी हिंडायच्या. फोनवर मागवलेली बुटांची खोकी घरोघरी पोचवायच्या त्याच, पण स्वतःसाठी त्यांनी आमच्याशिवाय दुसरीकडून कधी चप्पलसुद्धा घेतली नव्हती.

"वहिनी, बूट द्या बाई आता," ताई म्हणाल्या. "तळाला भोक पडलंय. खडा टोचला की न बघता सांगते, कुठल्या गल्लीत आहे ते!"

काकू हसल्या. "ठेवा पाय. उभ्यानंच हं." त्यांनी फळी टेकवली. "सहा."

"सहाच? मला वाटलं, चालून चालून पसरला असेल."

"पाट सांगतोय ना सहा. पाट खोटं बोलत नाही, ताई."

ताईंनी बूट घातले, दोन पावले चालल्या. "जरा आवळतायत पुढे."

"नवं चामडं आहे. चार दिवसांत सैल पडेल."

ताईंनी मान डोलावली. बूट पायात घालूनच त्या गेल्या. मी ओरडत होतो, सात, सात, सात! पण लाकडाला कुठला आवाज?

बारा दिवसांनी त्या परत आल्या, लंगडत. दादा आणि काकू दोघेही दुकानात होते. ताईंनी बूट काढला. अंगठ्याचे नख काळेनिळे पडले होते आणि करंगळीला पट्टी बांधली होती.

"बुटाची काही तक्रार नाही हो दादा," ताई ओशाळून म्हणाल्या. "माझाच पाय बिघडलाय वाटतं. पाटावर तर सहाच आला होता. त्यात यंदा फेऱ्या दुप्पट झाल्यात. बुटांची खोकी नेऊन देते आणि दुसऱ्या दिवशी तीच परत आणते. म्हणे, लहान झाले! मग मोठे मागवतात, ते पुन्हा मीच नेते. सगळ्यांचे पाय एकदम वाढले की काय कोण जाणे."

मित्रांनो, दादाचा चेहरा तुम्ही पाहायला हवा होता. फोटोवाल्यांचे काहीच बिघडले नव्हते. त्यांनी बूट परत पाठवायला फोनवर फक्त एक बटण दाबले होते. दादाच्या कारस्थानाचे सगळे ओझे वाहिले होते ते ताईंनी, तेही त्याच्याच दुकानातले आखूड बूट घालून. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

दादाने सात नंबरचा जोड काढला. गुडघ्यावर बसून स्वतः त्यांच्या पायात घातला. ताई उठल्या, चालल्या, आणि त्यांचा चेहरा उजळला.

"हे बरोबर बसले! मग त्या दिवशी सहा कसं आलं?"

दादाने वर पाहिले. आधी ताईंकडे, मग काकूंकडे, आणि मग माझ्याकडे.

"पाट जुना झालाय, ताई," तो म्हणाला. "लाकूडच ते. आखडतं."

आखडतं! आखडायला मी काय सुती सदरा आहे? इतकी वर्षे मी केसभर हललो नव्हतो. नाचता येईना अंगण वाकडे हे ऐकले होते, पण अंगण आधी स्वतःच्या हाताने उकरायचे आणि मग त्यालाच वाकडे म्हणायचे, हे त्या दिवशी पाहिले. पट्टी सरकवली तेव्हा दुखले नव्हते इतके हे दुखले.

ताई वाकल्या आणि त्यांनी मला थोपटले. "असू दे. त्याचंही वय झालं," म्हणाल्या. माझी बाजू कुणी घेतली असेल तर ती त्यांनीच, आणि तीही मला दोषी समजून.

त्या गेल्यावर काकूंनी मला उचलले. टाचेच्या बाजूला, जिथून पट्टी सरकली होती, तिथे फिकट लाकडाची एक चीर आणि स्क्रूचे रिकामे भोक उघडे पडले होते. काकूंनी त्यावर अंगठा फिरवला.

"हे आखडलंय होय?"

"अगं, ते मी त्या फोटोवाल्यांसाठी..."

"आणि पाय कुणाचा सोलला? मामंजींचं वाक्य मी त्या बाईला ऐकवलं, अहो. तुमच्या भरवशावर ऐकवलं. जा, खरं काय ते सांगून या तिला."

"सांगतो उद्या," दादा म्हणाला.

तो उद्या काही उगवला नाही. रोज ताई दारावरून जायच्या आणि रोज दादा खोकी लावायला आत वळायचा. सुट्ट्या संपल्या, माल तसाच राहिला, दुकानाला कुलूप लागले. आवराआवर करताना काकूंनी मला घरी न्यायला हातात घेतले होते. दादाने "राहू दे ते" म्हणत मला काढून घेतले आणि माळ्यावर टाकले. पट्टी अजून तशीच आहे, एक घर पुढे. नीट करायला दोन मिनिटे पुरली असती, पण त्यासाठी त्याला माझ्याकडे पाहावे लागले असते.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, त्यांना तेलपाणी करा, असे तुम्हाला सगळेच सांगतात. माझे मागणे त्याहून लहान आहे. कधी हे दुकान उघडले आणि मी तुमच्या हाती लागलो, तर धूळ पुसली नाहीत तरी चालेल. आधी माझे दोन स्क्रू सैल करा. पट्टी एक घर टाचेकडे सरकवा आणि घट्ट पिळा. मग त्या पोस्टवाल्या ताईंना बोलावून आणा आणि त्यांचा पाय माझ्यावर ठेवायला सांगा, उभ्याने.

मी सात सांगेन.