घरच्याला पाच कमी

पद्माकरने पन्नासचा आकडा खोडरबराने पुसला आणि त्याच जागी पंचेचाळीस लिहिलं. कागदावरचा चुरा फुंकून टाकला, पेन्सिल खाली ठेवली आणि चहाचा कप ओढून घेतला. चहा कधीचाच गार झाला होता.

२००६ चा जून, रविवारची दुपार. स्वयंपाकघरातल्या टेबलावर आठ मुलांचे आठ फॉर्म पसरले होते. आयर्लंडमध्ये बेसबॉल खेळतात हे निम्म्या आयर्लंडलाही ठाऊक नव्हतं. पण डब्लिनजवळच्या क्लोनडॉकिनच्या बागेत एक मैदान होतं, चार-पाच क्लब होते, आणि ओजस नऊ वर्षांचा असताना तिथे गेला तो तिथलाच झाला. पद्माकर त्याला सोडायला जायचा. नुसतं बसून राहणं स्वभावात नाही, म्हणून पहिल्याच महिन्यात त्याने स्कोअर लिहायला घेतला. पुढे स्टॉपवॉच आणलं, मग चेंडूचा वेग मोजायची रडार गनही मागवली. नोकरीही मोजण्याचीच. हृदयाच्या रक्तवाहिनीत घालायच्या बारीक जाळीदार नळ्या त्याच्या हाताखालून जायच्या, आणि केसाच्या दहाव्या भागाइतकी चूकसुद्धा तिथे चालत नसे. त्यामुळे मैदानावर, जिथे सगळे त्याला पॅडी म्हणत, 'पॅडी म्हणेल तो आकडा खरा' अशी त्याची ख्याती होती.

म्हणून तर कीटिंगने हे फॉर्म त्याच्याकडे दिले होते. कीटिंग अमेरिकन, एका व्यावसायिक संघासाठी युरोपभर फिरून होतकरू पोरं हेरायचा. त्याच्या यादीत नाव लागलं की अमेरिकेतल्या कॉलेजात खेळायला जागा मिळायची. तिथे दोन-तीन वर्षं टिकलं की ड्राफ्ट. मोठे संघ एकेक पोरगं निवडून घेतात तो दिवस. या वर्षी कीटिंग दोन दिवस आला, दोन्ही दिवस पावसाने मैदानावर उतरू दिलं नाही, आणि एकही चेंडू न बघता तो हॉलंडला निघून गेला. जाताना म्हणाला, तू लिहिशील त्यावर मी यादी करेन.

फॉर्मचा वरचा भाग सोपा होता. ओजसचा चेंडू ताशी चौऱ्याऐंशी मैल, ते पद्माकरने तसंच लिहिलं. मोजलेल्या आकड्याला त्याने मेलं तरी हात लावला नसता. शेवटचा रकाना मात्र अंदाजाचा होता: हा मुलगा पुढे किती मोठा होईल? वीस ते ऐंशी, पाच-पाचच्या टप्प्याने. पंचेचाळीसच्या खाली गेला तो बाद.

स्वरूपा कणीक मळत होती. तिने तिथूनच विचारलं,

"ओजसला किती दिलेस?"

"पंचेचाळीस."

"आणि त्या सेल्ब्रिजच्या मुलाला?"

"पन्नास."

"तो ओजसपेक्षा चांगला टाकतो?"

"नाही." पद्माकरने फॉर्मची चळत टेबलावर आपटून सारखी केली. "पण मीच भरणार, आणि माझ्याच मुलाला पन्नास? बरं दिसतं का ते? पंचेचाळीसमध्ये बसतोय ना तो? बास."

"जगाला न्याय आणि पोराला दंड," स्वरूपा म्हणाली. "आप्पांचा मुलगा शोभतोस खरा."

पद्माकरला ते ऐकून बरंच वाटलं. आप्पा सांगलीला शाळेत गणित शिकवायचे. पद्माकर नववीत त्यांच्याच वर्गात आला, तेव्हा त्यांनी एक रीत पाडली: पेपर तपासून झाला की घरच्याचे पाच वजा. मास्तरच्या पोराला फुकटचे मार्क मिळतात असं कुणी म्हणू नये. यात लपवाछपवी काही नव्हती. वर्गाला माहीत होतं, गल्लीला माहीत होतं. पहिला नंबर घेणारा प्रल्हाद स्वतः येऊन सांगायचा, "तुझे पाच धरले तर तूच पहिला." कोपऱ्यावरचा वाणीसुद्धा निकाल विचारून मनातल्या मनात पाच मिळवायचा आणि मगच पेढे मागायचा. ते पाच मार्क पद्माकरला कधी कमी वाटलेच नाहीत. उलट छातीवर बिल्ला लावल्यासारखे ते तो मिरवत आला होता.

तो लिफाफा शोधायला वर गेला. खाली आला तेव्हा ओजस टेबलाशी उभा होता, हातात दुधाचा ग्लास. शाळेच्या शेवटच्या वर्षाची परीक्षा परवाच संपली होती आणि आता झोपायचं आणि खायचं एवढंच काम त्याला उरलं होतं.

"काय रे, सगळं ठीक?"

"ग्रँड," ओजस म्हणाला, आणि ग्लास घेऊन बाहेर गेला.

ऑगस्टमध्ये यादी आली. आयर्लंडची दोन नावं होती, त्यातलं एक सेल्ब्रिजच्या मुलाचं. पद्माकरने ती तीनदा वाचली. ओजसला सांगायला त्याने दोन-चार वाक्यं जुळवून ठेवली होती, पुढच्या वर्षीची, मेहनतीची, संयमाची. त्यांची गरजच पडली नाही. ओजसने ऐकून घेतलं, "नो बॉदर, बाबा," म्हणाला, आणि त्याच संध्याकाळी हातमोजा जिन्याखालच्या कपाटात, त्याच्या भाषेत प्रेसमध्ये, बुटांच्या मागे ठेवून दिला. सप्टेंबरात कॉलेज सुरू झालं. रविवारी मैदानावर चल म्हटलं की तो अभ्यास आहे म्हणायचा. अभ्यासाला नाही म्हणायचं धाडस कुठल्या मराठी बापाला होतं? पद्माकर एकटाच जायचा, दुसऱ्यांच्या मुलांचे आकडे लिहायचा आणि परत यायचा.

पुढच्या मे महिन्यात कीटिंग आला आणि चक्क ऊन पडलं. जाळीमागच्या बाकावर पद्माकरशेजारी बसून त्याने फ्लास्कमधली कॉफी ओतली, दोन-तीन मुलं बघितली आणि सहज विचारलं,

"तुझा तो डावखुरा कुठे आहे?"

"सोडलं त्याने. कॉलेजात आहे."

"अरेरे." कीटिंगला खरंच वाईट वाटलेलं दिसलं. "डावखुरा, चौऱ्याऐंशी मैल. मी तो कागद दोनदा हातात घेतला होता. पण काय करणार, बापाने भरलेला फॉर्म. त्यातून आम्ही पाच काढतो."

"म्हणजे?"

"ऑफिसचा नियमच आहे. आडनाव एकच दिसलं की पाच कमी. जगातला प्रत्येक बाप पाच वाढवून लिहितो. बिचाऱ्यांचा दोष नाही त्यात. तू पंचेचाळीस लिहिलं होतंस. मी म्हटलं, वाढवून वाढवून बापालाच पंचेचाळीस देता आले, तर मुलगा चाळीसचा."

पद्माकरला हिशेब करायला वेळ लागला नाही. पन्नास राहू दिले असते, तर पाच जाऊनही पंचेचाळीस उरले असते. समोर कुणीतरी चेंडू टाकला. त्याने सवयीने गन उचलली, पण आकडा वाचला नाही.

"मी वाढवले नव्हते," तो म्हणाला.

कीटिंगने हसून त्याच्या गुडघ्यावर थाप मारली.

"सगळे हेच म्हणतात."

मी कमी केले होते, असं म्हणावं, तर त्यावर विश्वास ठेवणारा माणूस सांगलीत मिळाला असता, इथे नाही. तरी त्याने विचारून पाहिलं,

"या वर्षी काही होईल?"

"अठरापर्यंतच घेतो आम्ही. आणि वर्षभर हात चालवला नाही म्हणतोस." कीटिंगने फ्लास्कचं झाकण घट्ट लावलं. "दुसरं कुणी असेल तर सांग."

घरी परतताना पद्माकरला आप्पांचा राग आला, आणि राग आल्याची लाजही वाटली. आप्पांनी कापलेले पाच सगळ्या गल्लीने त्याला परत केले होते. त्याने कापलेले परत करणारं इथे कोण होतं? स्वतःच्या सचोटीचं कौतुक करून घ्यायला त्याने पोराची वर्षं मोडली होती. त्या रविवारी स्वरूपाने सांगितलं होतं, आणि त्याने ते शाबासकी म्हणून ऐकलं होतं. हे सगळं त्याला घरापर्यंतच्या दहा मिनिटांत कळलं, आणि एका वर्षाने कळल्याचा काही उपयोग नव्हता.

ओजस स्वयंपाकघरात टोस्ट करत होता. स्वरूपा घरात नव्हती, तेही बरंच झालं. पद्माकर खुर्ची ओढून बसला आणि सांगू लागला. कीटिंगचे पाच, स्वतःचे पाच. ओजस मराठी सगळं समजायचा आणि उत्तर इंग्रजीत द्यायचा, तेही पक्क्या डब्लिनच्या सुरात. टोस्ट वर आले, ते त्याने तसेच राहू दिले.

"बाबा, मला माहीत होतं," शेवटी तो म्हणाला. "म्हणजे पंचेचाळीसचं. फॉर्म इथेच होता, टेबलावर. मी बघितला."

"मग बोलला का नाहीस?"

"पन्नास पुसलेलं दिसत होतं. म्हटलं, बाबाने आधी पन्नास लिहिलं, मग नीट विचार केला." त्याने खांदे उडवले. "तू लोकांच्या हृदयाची मापं घेतोस. तू चुकत नाहीस. यादीचं मला एवढं काही वाटलं नाही. तुलाच जर मी तेवढाच वाटतो, तर कशाला, असं वाटलं."

पद्माकरने टेबलावरून हात फिरवला, तिथे काही सांडलेलं नव्हतं तरी. मग त्याने आप्पांची गोष्ट सांगितली. नववीचा वर्ग, प्रल्हाद, पेढे मागणारा वाणी. आजवर ती त्याने किती जणांना रंगवून सांगितली होती! ओजसला सांगायची राहून गेली होती. घरच्याच मुलाला काय सांगायचं, असं वाटलं असणार.

ओजसने लक्ष देऊन ऐकलं. मध्येच त्याला हसूही आलं, वाण्याच्या जागी.

"म्हणजे सगळ्यांना माहीत होतं, पाच मिळवायचे ते."

"सगळ्यांना."

"मला नव्हतं."

"नाही. माझं चुकलं, ओजस. फार चुकलं."

ओजसने टोस्ट काढले, लोणी लावलं, एक बशी वडिलांपुढे सरकवली. समोर बसून दोन घास खाल्ल्यावर त्याने विचारलं,

"मग खरे किती होते? तुझ्या मते."

पद्माकरच्या मनात पंचावन्न येऊन गेलं. साठसुद्धा येऊन गेलं. आता काय बिघडणार होतं? पण ते त्याच्या जिभेवर येईना.

"पन्नास," तो म्हणाला.

ओजसने मान हलवली. मग त्याच्याकडे बघत, अगदी सरळपणे, यावेळी मराठीत विचारलं,

"यात पण पाच मिळवायचे का?"